कार्बोरेटरवाली मारुती ८०० : पेट्रोल पंप कुठं असतो, थर्मोस्टॅट कुठं असतो आणि गाडी स्टार्ट का होत नाहीये

प्रश्न थोडक्यात असा आहे की वडिलांची १९९७ ची मारुती ८०० गावाकडं शेडमध्ये तीन पावसाळे उभी होती, आता नवी बॅटरी टाकल्यावर सेल्फ चांगला फिरतोय पण गाडी स्टार्ट होत नाही, कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतलं की चार-पाच सेकंद चालते आणि मरते. उभी करायच्या आधी ती ट्रॅफिकमध्ये गरम पण व्हायची. आणि जवळच्या मेकॅनिकनं सांगितलंय की पेट्रोल पंप टाकीत असतो, टाकी उतरवावी लागेल.

आधी हेच, टाकी उतरवू नका. टाकीत पंप असतो तो एमपीएफआयवाल्या (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन असलेल्या) ८०० ला, म्हणजे साधारण २००० च्या आसपासपासून ज्या आल्या त्यांना. तुमच्या गाडीला डॅशबोर्डवर ओढायचा चोक आहे म्हणता ना, मग विषय संपला, ती कार्बोरेटरची आहे आणि तिचा पंप इंजिनवरच आहे, इलेक्ट्रिकचा पण नाही, इंजिन फिरलं की चालतो. त्या मेकॅनिकचा फार दोष नाही, आजकालच्या पोरांनी शिकताना कार्बोरेटर बघितलेलाच नसतो, स्कॅनर लावून काम शिकलेत सगळे, आणि या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही.

दुसरं, ते तोंडात पेट्रोल ओतून स्टार्ट करणं आता बंद करा. एकदा केलं, त्यातून कळायचं ते कळलं (ते काय ते पुढं सांगतो), पण स्पार्कचं टायमिंग जरा जरी इकडंतिकडं असेल तर कार्बोरेटरमधून उलटा भडका येतो आणि वर बाटली धरून तुम्ही उभे असता. पेट्रोलची कामं करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, जिथं सेल्फ मारायचा आहे तेवढ्यापुरती लावा, आणि ती कामं शेडच्या बाहेर उघड्यावर करा.

आता पार्ट कुठं आहेत ते. यात लोक मला नेहमी विचारतात की डाव्या बाजूला का उजव्या, आणि मी कधीच तसं सांगत नाही कारण एक माणूस गाडीच्या तोंडासमोर उभा राहून डावं म्हणतो, दुसरा ड्रायव्हर सीटवर बसून डावं म्हणतो, आणि फोनवर अर्धा तास जातो. त्यापेक्षा इंजिनच्या दोन बाजू ओळखा. ८०० चं इंजिन आडवं बसवलंय, एका टोकाला पुल्या आणि बेल्ट दिसतील, ती बेल्टची बाजू. दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स, ती गिअरबॉक्सची बाजू. बाकी सगळं या दोन टोकांवरून आणि नळ्या-वायरी पकडून शोधायचं. जुन्या गाडीत एकही पार्ट एकटा बसलेला नसतो, त्याला एखादी नळी तरी येते, वायर तरी येते किंवा बेल्ट तरी असतो, आणि तिचं दुसरं टोक तुम्हाला माहीत असलेल्या कशाला तरी लागलेलं असतं. बॅटरी सगळ्यांना ओळखता येते, रेडिएटर ओळखता येतो, एअर क्लीनरचा डबा ओळखता येतो. या तिघांपासून निघालात तर सगळं इंजिन सापडतं.

म्हणजे बघा, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जी जाड वायर खाली जाते ती सोडू नका, ती जिथं संपते तो सेल्फ, गिअरबॉक्सच्या घंटीला लागून बसवलेला. एअर क्लीनरचा डबा काढला की ज्या तोंडावर तो बसतो तो कार्बोरेटर. तीन प्लगच्या तीन जाड वायरी उलट्या पकडत गेलात की त्या तिन्ही जिथं गोळा होतात ती डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीनं स्पार्क वाटतो तो) कॅप, हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) गिअरबॉक्सकडच्या टोकाला, आणि कॅपच्या मधोमध निघालेली चौथी जाड वायर जिथं जाते ती कॉइल. रेडिएटरच्या वरचा जाड होज पाईप इंजिनकडं जिथं पोचतो त्या टोपीच्या आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. फॅन बेल्ट क्रँक पुलीवरून दोन ठिकाणी जातो, एक वॉटर पंप आणि एक अल्टरनेटर, ज्याला आमच्याकडं अजून डायनामोच म्हणतात, ज्याच्या मागं वायरी आहेत तो डायनामो. आणि कार्बोरेटरला पेट्रोल आणणारी बारीक नळी उलटी पकडा, ती हेडच्या अंगाला बोल्टनं बसवलेल्या मुठीएवढ्या पंपावर जाईल. तोच तुमचा पंप. त्याला तीन नळ्या असतात, एक टाकीकडून येणारी, एक कार्बोरेटरला जाणारी आणि एक जास्तीचं पेट्रोल परत टाकीत नेणारी. नळ्या काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, ही तीनची अदलाबदल फार होते आणि मग नवा पंप टाकूनही गाडी चालत नाही.

पंप हेडवर आहे म्हणजे तो कॅमशाफ्टवर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हेडमधल्या दांड्यावर, चालतो. डिस्ट्रिब्युटरपण कॅमशाफ्टवरच चालतो. हे डोक्यात ठेवा, पुढं कामाला येतंय.

तीन वर्षं उभी होती म्हटल्यावर मी असतो तर पंपाकडं जायच्या आधी तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं असतं आणि गाडी चौथ्या गिअरला टाकून हळू मागंपुढं ढकलली असती. तुम्ही सेल्फ मारून मोकळे झालात, इंजिन जाम नव्हतं म्हणून निभावलं, पण अजून पण करा, पिस्टनच्या रिंगांना बरं. इंजिन ऑइल बदला, जुनं काळं झालेलं असेल, आणि डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल आधीपेक्षा वर गेली असेल तर पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय, पेट्रोल हेडमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर इंजिन चालवायचं नाही, बेअरिंगं खाऊन टाकतं ते.

आता तुमच्या आजाराकडं. तोंडात पेट्रोल ओतल्यावर चार सेकंद चालली याचा अर्थ स्पार्क आहे, टायमिंग निदान बरंय, कॉम्प्रेशन आहे. म्हणजे कॉइल बदला, डिस्ट्रिब्युटर बदला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पेट्रोल पोचत नाहीये एवढंच. आणि पेट्रोलचा रस्ता सरळ आहे, टाकी, नळी, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. हा रस्ता मधोमध तोडून बघायचा.

पंपावरून कार्बोरेटरला जाणारी नळी कार्बोरेटरच्या टोकाला काढा, एका पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत घाला, कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढून बाजूला ठेवा म्हणजे स्पार्क पडणार नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, दहा सेकंदांच्या वर नाही. (काही लोक कॉइलची जाड वायर तशीच उपसून लोंबकळत ठेवतात, पॉइंटवाल्या गाडीत (ती कशी ओळखायची ते पुढं येतंय) चालून जातं पण इलेक्ट्रॉनिक इग्निशनवालीत मॉड्यूल उडू शकतं, म्हणून बारीक वायरच काढा.) बाटलीत ठोक्याठोक्यानं पेट्रोलची धार आली पाहिजे. आली तर पंपापर्यंतचं सगळं ठीक, आजार कार्बोरेटरमध्ये. नाही आली तर लगेच पंप घ्यायला पळू नका. टाकीकडून येणारी नळी पंपाच्या टोकाला काढा आणि तिच्या जागी एक नवी फूटभर नळी लावून तिचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. परत सेल्फ. आता धार आली तर पंप चांगला आहे, बिघाड मागं आहे, फिल्टर चोक किंवा नळी. तरीही नाही आली तर पंप गेला.

माझ्या अंदाजानं तुमच्यात नळी किंवा फिल्टर निघेल. तीन वर्षं पडलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं डिंकासारखा चिकट थर राहतो, वास पण पेट्रोलचा राहत नाही, जुन्या व्हार्निशचा येतो. आणि रबरी नळ्या. ही गोष्ट लोकांना पटत नाही पण टाकी ते पंप या नळीला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, पंप उलट त्या चिरेतून हवा ओढतो, त्यामुळं खाली एक थेंब दिसत नाही, नळी बाहेरून बरी दिसते आणि पंपात पेट्रोल येत नाही. नळी हातानं वाकवून बघा, वाकवली की भेगा उघडतात. आणि आता बाहेर विकत जे पेट्रोल मिळतं त्यात इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, या गाड्या बनल्या त्या वेळचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं, नळ्या मऊ पडतात, फुगतात, पंपाचा डायफ्रॅम पण त्यातच आला. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धी भरून ठेवणं फार वाईट. सगळ्या नळ्या बदला, जुबली क्लिपांसकट, दुकानात इथेनॉलला चालणारी इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल नळी मागा, थोडी महाग असते, घ्या. फिल्टरवर बाण असतो, तो टाकीकडून पंपाकडं. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, नव्यात मिसळून संपवू नका.

पंप बदलावाच लागला तर पंप आणि हेडच्या मध्ये जे पॅकिंग निघेल त्याच जाडीचं परत बसवा. जास्त जाड लावलं तर पंपाचा आर्म कमी हलतो आणि नवा पंप पण कमी पेट्रोल देतो.

आणि पंपातून धार येत असूनही स्टार्ट होत नसेल तर कार्बोरेटर. याच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्याला, एक छोटी गोल काच असते, खूप लोकांनी ती कधी पुसलेलीच नसते, वर्षानुवर्षांचा काळा थर असतो. पुसा, आणि टॉर्च मारा. पेट्रोलची लेव्हल काचेच्या मधोमध दिसली पाहिजे. काही दिसत नसेल तर पेट्रोल आत सोडणारा निडल व्हॉल्व्ह जाम झालाय, वरून भरत असेल तर निडल बसत नाहीये किंवा फ्लोट भोक पडून बुडालाय. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चेंबरवर दोन हलके टोले मारले तर अडकलेली निडल कधी कधी सुटते, पण उभ्या गाडीत त्यावर समाधान मानू नका, कार्बोरेटर उतरवून साफ करा. साफ करताना जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं असलेले स्क्रू) तारेनं कोरायचे नाहीत, पितळेचे असतात, भोक मोठं झालं की मायलेज गेलं कायमचं. क्लीनर स्प्रे आणि हवा. ज्या स्क्रूवर स्लो (एक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन चालतं तो) सेट होतो त्याचे आटे मोजून लिहून ठेवा मगच काढा.

समजा आता सुरू झाली पण स्लोला थांबत नाही, रेस दिली की चालते आणि पाय काढला की मरते. नव्वद टक्के लोक इथं कार्बोरेटर बदलायला निघतात. आधी कार्बोरेटरला येणारी वायर शोधा, एका गोल पितळी किंवा स्टीलच्या छोट्या डब्यात जाते, तो सोलेनॉइड. चावी बंद केल्यावर इंजिन घरघरत राहू नये म्हणून स्लोचं पेट्रोल तोडायला दिलाय. चावी ऑन करा, इंजिन बंदच, आणि त्याची वायर काढून परत टेकवा. टक्क असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर टेस्टर लॅम्पनं वायरीत करंट बघा, करंट असून आवाज नाही म्हणजे सोलेनॉइड गेला, करंटच नाही तर फ्यूज किंवा वायर. उंदीर. शेडमध्ये तीन वर्षं म्हणजे उंदरानं काहीतरी खाल्लेलंच असणार, एअर क्लीनरचा डबापण उघडून बघा, घरटं निघतं.

सोलेनॉइड चांगला असेल तर हवा कुठून तरी घुसतेय, कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, किंवा एखादी व्हॅक्यूमची बारीक नळी निघालेली. एअर क्लीनर काढून चालू इंजिनवर कार्बोरेटरचं तोंड तळहातानं हळूहळू अर्धं झाका. बाही सैल नको, फॅनपासून लांब. झाकल्यावर इंजिन सुधारलं तर हवा जास्त होतेय, म्हणजे गळती आहे किंवा स्लो जेट चोक आहे. झाकल्यावर आणखी घुसमटलं तर पेट्रोल आधीच जास्त जातंय.

स्पार्कचं तुमच्यात आत्ता काम नाही पण पावसात लागेल म्हणून सांगतो. कॅपच्या क्लिपा काढून आत बघा, एक हलणारा छोटा हातोडा आणि दोन टिकल्या एकमेकींना टेकताना दिसल्या तर पॉइंटवाली गाडी, नाही दिसल्या आणि मधल्या शाफ्टच्या बाजूला नुसती कॉइल दिसली तर इलेक्ट्रॉनिक. पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फीलर गेज वीस-पंचवीस पानांचा मिळतो, घेऊन ठेवा. उभ्या गाडीत पॉइंटवर बुरशीसारखा पांढरट थर येतो आणि स्पार्क जातो, बारीक पॉलिश पेपर एकदा ओढला की गाडी चालू, त्यासाठी लोक कॉइल बदलून बसतात. पॉइंट बदलून पण वारंवार जळत असतील तर कंडेन्सर. कॅपच्या आत मधोमध स्प्रिंगवर एक कोळशाचा तुकडा असतो तो आहे का बघा, झिजून किंवा पडून गेला तर गाडी मिसिंग करते. कोकणात आणि घाटात पावसाळ्यात सकाळी स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा कॅपमधला ओलावा आणि कॅपला गेलेली केसासारखी चीर, अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर निळ्या ठिणग्या बाहेर पळताना दिसतात. प्लगच्या वायरी काढल्या तर क्रम १-३-२, एक नंबरचा सिलेंडर बेल्टच्या बाजूचा, रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते कॅप काढून सेल्फ मारून बघायचं आणि त्या दिशेनं लावायच्या. तीनच वायरी आहेत तरी लोक चुकवतात. प्लगचा गॅप पॉइंटवाल्या गाडीत ०.७ ते ०.८.

आणि मघाशी कॅमशाफ्टचं लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. कधी चालता चालता गाडी एकदम बंद पडली, सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतंय असा आवाज आला, तर आधी स्पार्क बघू नका, पेट्रोल बघू नका, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून रोटर बघा. रोटर फिरत नाही म्हणजे कॅमशाफ्ट फिरत नाही, म्हणजे टायमिंग बेल्ट तुटला. स्पार्कपण नाही आणि पंपातून पेट्रोलपण नाही हे दोन्ही एकदम गेलं की माणूस गोंधळतो, दोन्हीचं मूळ एकच. तुमच्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला ते तुम्हाला माहीत नसणार, मग बदलून टाका, लांबच्या प्रवासाच्या आधी. टायमिंगच्या खुणा जुळवणं येत नसेल तर हे काम जुन्या मेस्त्रीला द्या, हे घरी शिकायचं काम नाही.

सेल्फ आत्ता चांगला फिरतोय म्हणता, छान. पण उद्या नुसती टक्क करून गप्प बसला तर बॅटरी नवी आहे म्हणून सेल्फवर संशय घेऊ नका, आधी अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी एक चपटी विणलेली पट्टी किंवा जाड वायर असते, तिला गंज लागतो. मजा बघा, अर्थिंग गेलं की करंट दुसरा रस्ता शोधतो, तो चोकच्या किंवा एक्सिलरेटरच्या केबलीतून जातो, सेल्फ मारताना केबल गरम होते, कधी धूरही येतो, आणि माणूस केबल बदलतो. जंप वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनच्या कोऱ्या धातूला, आता सेल्फ मारा. जोरात फिरला तर अर्थिंगच. चार्जिंग बघायला मल्टिमीटर बॅटरीवर लावा, इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ मध्ये पाहिजे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, नवी बॅटरी उकळेल.

आता गरम होण्याचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण पेट्रोल नाही पोचलं तर गाडी नुसती बंद पडते, गरम झाली तर हेड जातं. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, जास्त तापलं की हेड वाकतं. तुम्ही लिहिलंय ट्रॅफिकमध्ये गरम व्हायची, हायवेला काटा मधेच राहायचा. हे एक वाक्य अर्धं निदान आहे. उभ्या गाडीत गरम आणि चालत्या गाडीत ठीक म्हणजे फॅन चालत नाही. उलटं असतं, म्हणजे गावात ठीक आणि घाट चढताना किंवा ऐंशीच्या स्पीडला गरम, तर रेडिएटर आतून चोक किंवा वॉटर पंपाचं पातं खाल्लेलं, असा विचार केला असता.

फॅन विजेवर चालतो, बेल्टवर नाही. फॅनच्या मोटरचं कनेक्टर काढून बॅटरीवरून सरळ करंट द्या, फिरला तर मोटर चांगली. मग थर्मो स्विच. पाण्याच्या रस्त्यावर घुसवलेल्या दोन गोष्टी मिळतील, एक काट्याला जाणारा सेन्सर आणि एक फॅनचा स्विच. वायरींचे रंग पकडत गेलात तर कुठला कुठला ते कळतं. चावी ऑन ठेवून फॅन स्विचचं कनेक्टर काढा आणि त्याची दोन टोकं वायरीच्या तुकड्यानं जोडा, एकच टोक असेल तर ते इंजिनच्या धातूला टेकवा. फॅन सुरू झाला तर स्विच खराब, नाही झाला तर फ्यूज, रिले असेल तर तो, नाहीतर वायर. चुकून काट्याच्या सेन्सरची वायर टेकवलीत तर डॅशबोर्डवरचा काटा सरकतो, म्हणजे तो नव्हे, सोडा. हे फक्त कार्बोरेटरच्या गाडीत, एमपीएफआयमध्ये फॅन कॉम्प्युटर चालवतो, तिथं वायरी टेकवत बसू नका. काही गॅरेजवाले स्विच न बदलता फॅन चावीवर डायरेक्ट करून देतात, चालतं, पण मग मोटर लवकर जाते आणि थंडीत इंजिन तापतच नाही.

थर्मोस्टॅट. तुमच्या गाडीत तो आहे का आधी ते बघा, कारण आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्यांतला थर्मोस्टॅट कुणीतरी काढून फेकलेला असतो, "आपल्याकडं गरम हवा, काय करायचाय" म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन ८० च्या पुढं तापलंच पाहिजे, थंड चाललं की पेट्रोल जास्त पितं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, ऑइलमध्ये पाणी साठतं. वरचा होज पाईप पकडून टोपीपर्यंत जा, इंजिन पूर्ण गार असताना दोन बोल्ट काढा. निघाला तर पातेल्यात पाणी उकळून त्यात दोऱ्यानं टांगा, उकळायच्या आधीच उघडायला लागला पाहिजे, उकळून पण मिटलेला तर फेका. (चहाचं पातेलं नको.) गाडीवर असतानाच ओळखायचं तर इंजिन तापून काटा वर गेलाय पण वरचा होज पाईप हाताला गारच लागतोय म्हणजे थर्मोस्टॅट मिटून अडकलाय.

पाणी भरताना बोअरचं पाणी टाकू नका हो, क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बंद होतात, मग कितीही फॅन बदला. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं. भरून झालं की रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन स्लोला चालवा, आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघते, थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा आणि झाकण लावा. झाकणाचं रबर पण बघा, ते झाकण नुसतं झाकण नाही, त्यानं प्रेशर धरलं नाही तर पाणी लवकर उकळतं. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून पाण्याचा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. भोक बुजवू नका, एम-सील लावलेले पंप बघितलेत मी.

आणि थंड इंजिनवर, नुकतंच स्टार्ट केलेलं, झाकण उघडं, तरी लगेच बुडबुडे येतच राहिले, थांबत नाहीत, तर हेड गॅस्केट. सायलेन्सरमधून पांढरा धूर इंजिन तापल्यावर पण थांबत नाही, पाणी रोज कमी होतंय आणि कुठं गळत नाही, ही त्याचीच लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला की लोक घाबरतात, पण पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानं पण येतो, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का ते बघा, ते झालं असेल तर मात्र गाडी हलवू नका. हेड उतरवलं तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका, हेडचा सरळपणा पट्टी लावून बघून, गरज पडली तर सरफेस करून घ्या, तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर शिवाजी उद्यमनगरात ही कामं करणारे भरपूर आहेत.

ऑइलचा लाल दिवा स्लोला लुकलुकत असेल तर ब्लॉकमध्ये बसवलेला एकाच वायरीचा छोटा स्विच शोधा. वायर काढल्यावर दिवा विझला पाहिजे आणि धातूला टेकवल्यावर लागला पाहिजे, तसं होत असेल तर वायरिंग ठीक. स्विच स्वस्त आहे, आधी तो बदला, पण दिवा तरीही लागला तर गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय गाडी चालवू नका.

पार्ट मिळतात, ८०० बनायची २०१४ मध्ये थांबली तरी हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत त्यानंतर पण चालू होतं, त्यामुळं इंजिनच्या आतलं सामान अडत नाही. फक्त दुकानदार अल्टोचं म्हणून काही देईल तर बघून घ्या, अल्टोचं पण ७९६ सीसीच आहे पण ते बारा व्हॉल्व्हचं, तुमचं सहा व्हॉल्व्हचं, हेडचं सामान एकमेकांना बसत नाही. कार्बोरेटरचं किट, पॉइंट, कॅप पुण्यात नाना पेठेत मिळेल, जुना पार्ट हातात घेऊन जा, नावानं मागू नका. जुन्या बाजारातून दरवाजा घ्या, आरसा घ्या, डायनामोपण चालेल, पण पेट्रोल पंप, रबरी नळ्या आणि थर्मोस्टॅट नवेच घ्या.

आधी त्या दोन बाटल्यांची टेस्ट करा आणि धार कुठं आली, कुठं नाही ते कळवा, मग पुढचं बघू.